जिन्याखालच्या खोलीतली कविता

२ सप्टेंबर, सोमवार

अकरा मिनिटं. बुटांचे बंद बांधायला नव्हे, बूट घालायचेत हे ध्यानात यायला! भिंगरी दाराशी उभी, हातात डावा बूट, नजर भिंतीवर. माझे हात नुसते शिवशिवत होते. पुढे सरसावलो तर सुनेनं डोळे वटारले. शाळेतल्या ताईंनी बजावलंय ना — थांबायचं, कार्डाकडे बोट दाखवायचं, तोंड उघडायचं नाही. दाराला कार्ड टांगलंय: १. मोजे. २. बूट. ३. दप्तर. ४. आबांचा हात.

चौथ्या ओळीशी माझंच घोडं अडलं. चष्मा पुसावा लागला.

पाच महिन्यांनी शाळा. एप्रिलमधला तो उतार, ती सायकल, इस्पितळातले एकोणीस दिवस — ते आज लिहायचं नाही. डोक्यावरची जखम भरली, केसही आले. बघणाऱ्याला वाटावं, हिला काय धाड भरलीय! तीच तर पंचाईत. पाय मोडलेल्या पोराला सगळे सरकून जागा देतात. हिचं जे मोडलंय त्याला प्लास्टर कुठे घालणार?

शाळेनं जिन्याखालची खोली दिलीय. माझ्या चौतीस वर्षांच्या नोकरीत ती नकाशांची खोली होती. नकाशा आणायला धाडलेलं पोर पृथ्वीचा गोल फिरवत तिथेच रमायचं, आणि त्याला शोधायला गेलेला मीही. जुन्या कापडाचा आणि डिंकाचा तो वास! आता तिथे गादी, जाड पडदा, मंद दिवा. पोरं तिला ‘कोपरा’ म्हणतात. डोकं शिणलं, गोंगाट सोसेना, की भिंगरीनं कोपऱ्यात जायचं. विशेष शिक्षिका — लहानथोर सगळ्यांच्या ताई — सोमवारी आणि गुरुवारी येतात. इतर दिवस त्यांना दुसऱ्या शाळा. रोजच्या सोबतीला एक मदतनीस मावशी.

आणि हे सगळं दीड महिन्याच्या बोलीवर. १५ ऑक्टोबरला बैठक. कोपरा आणि मावशी वर्षभर ठेवायच्या की काढून घ्यायच्या, ते त्या दिवशी ठरणार. काढून घेतल्या तर बावन्न पोरांच्या पाचवीत सबंध दिवस, सगळ्यांसारखाच पेपर, सगळ्यांइतकाच वेळ.

पोर टिकणार नाही.

५ सप्टेंबर, गुरुवार

ताईंनी आज माझीच शाळा घेतली. वयानं माझ्या नातीहून थोड्या मोठ्या असाव्यात असं वाटतं, पण जीभ कशी — करवतीचं पातं.

“सर, तुमचं ते ‘आठव बघू’ आजपासून बंद.”

अरे! चौतीस वर्षं माझी भाकरी त्या दोन शब्दांवर चालली. कवितेच्या तासाला पोर अडखळलं की मी खडू रोखून — आठव बघू! आणि ते छताकडे बघत आठवायचं. अर्धी मजा त्यातच.

ताई म्हणाल्या, “हिला आठवायला लावलं की ती अंदाज करते. अंदाज चुकतो. आणि चुकलेलंच डोक्यात चिकटतं, खरं निसटतं. म्हणून आधी उत्तर दाखवायचं. पुन्हा पुन्हा दाखवायचं. मग एकेक तुकडा झाकत जायचं. घाई केलीत तर केलेलं सगळं पाण्यात.”

मावशी कोपऱ्यात बसून ऐकत होत्या, हनुवटीला हात लावून. त्यांना काय कळलं असणार!

९ सप्टेंबर, सोमवार

ठरवलं होतं लिहायचं नाही. पण सुनेनं आज माळ्यावरून काहीतरी काढताना हेल्मेट खाली पडलं. घरंगळत माझ्या पायाशी आलं. तिनं उचललं, पुसलं, पुन्हा वर ठेवलं. एक शब्द नाही. पाच महिन्यांत एक शब्द नाही! बोलली असती, चार शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं.

“आबा, पट्टा टोचतोय,” असं भिंगरी म्हणाली होती. मी म्हटलं, एका फेरीला कशाला हवंय, दे इकडे. मग मी हेल्मेट मांडीवर घेऊन बाकावर बसलो. पलीकडच्या मैदानावर ऊन कसं तिरपं आलं होतं. मी माझी आवडती कविता गुणगुणत होतो. डोळे मिटून. डोळे मिटून!

आवाज ऐकून उघडले.

१२ सप्टेंबर, गुरुवार

संध्याकाळी तिला मांडीशी घेऊन कविता म्हणायला लागलो. पूर्वीसारखी. दुसऱ्याच ओळीला म्हणाली, “आबा, पुरे. डोकं.” आणि तोंड फिरवून बसली.

१७ सप्टेंबर, मंगळवार

एक गंमत लिहायची राहू नये. शाळा सुटायच्या वेळी मी फाटकाशी बाकावर बसलो होतो. मावशी आल्या, पदराशी चाळा करत म्हणाल्या, “सर, ती दगडाची कविता मला लिहून द्याल? मोठ्या अक्षरात द्या. माझे डोळे गेलेत.”

“तुम्हाला कवितेची आवड?” मी उडालोच.

“तुम्ही इथे बसून रोज म्हणता ना. कानावर पडते.”

घरी येऊन चार कोऱ्या कागदांवर उतरवून ठेवली, चार-चार ओळी, बोरूनं काढाव्यात तशा वळणानं. सकाळी देईन. माझ्या चौथीच्या पुस्तकातली. कवीचं नाव पानाच्या फाटक्या कोपऱ्याबरोबर केव्हाच गेलं. रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडावर आहे ती.

किती जणांना वाट दाविली, मोजुनि मैल नि मैल,
उभा राहिला दगड बिचारा, कोण तया नेईल?

भिंगरी बोबडं बोलायची तेव्हापासून मी ती तिच्या कानात ओतली. सहाव्या वर्षी सोळाच्या सोळा ओळी घडाघडा म्हणायची. इस्पितळात एकोणीस दिवस उशाशी बसून तीच म्हणत होतो. पापणी हलली नाही.

असो. या वयात एक चाहती मिळाली! सुनेला सांगितलं, तर आज कितीतरी दिवसांनी हसली.

२४ सप्टेंबर, मंगळवार

मावशी तापानं घरी. म्हणून आज भिंगरी दिवसभर वर्गात. दुपारी बोलावणं आलं.

कंपासपेटी फेकली. मागच्या बाकावरच्या मुलाच्या भुवईवर लागली. त्यानं म्हणे म्हटलं, “हिचा स्क्रू ढिला आहे, जरा हलवा, वाजेल.” आणि सगळे फळ्यावरची गणितं उतरवत असताना हिला फळा कुठून वाचायचा तेच सापडेना. गोंगाट, खडूची करकर, वर पंख्याची घरघर. मी गेलो तेव्हा ती कपाटाआड बसलेली, कान गच्च दाबून. माझ्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात ओळख यायला एक क्षण लागला. एकच क्षण. पण मी तो मोजला.

घरी आल्यावर विचारलं, काय झालं गं? तर, “कुठे?”

एका दिवसात ही गत. पंधरा तारखेला तीन आठवडे उरलेत.

३० सप्टेंबर, सोमवार

आज ताईंशी बोलायला लवकर गेलो. कोपऱ्यात डोकावलो तर भिंगरी गादीवर आडवी, आणि मावशी आपल्या कात्री घेऊन कागदाच्या पट्ट्या कापत बसलेल्या. बोटाएवढ्या, मुंगीएवढ्या. शेजारी डिंकाची बाटली. मला बघताच सगळं पिशवीत कोंबलं — चोरी पकडल्यासारखं!

पोरीला सोबत म्हणून नेमलंय की घरच्या भेटकार्डांना झालर लावायला? ताईंच्या कानावर घालणार होतो. पण त्या एका लहान मुलाची समजूत काढण्यात गुंतल्या होत्या. राहिलं.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

काय लिहू!

चहा घेत बसलो होतो. भिंगरी समोर येऊन उभी राहिली. दोन्ही हात पाठीमागे, शाळेत उभी राहायची तशी. आणि सुरू झाली. मैलाचा दगड! पहिल्या ओळीपासून सोळाव्या ओळीपर्यंत. कुठे अडली नाही, कुठे ओळ गाळली नाही. “कोण तया नेईल?” पाशी जरा थांबली, आणि मग पुढे.

मी कप कुठे ठेवला ते मला आठवत नाही. तिला कवटाळलं. म्हणाली, “आबा, दाबू नका. छान झालं?”

छान झालं! पोरी, तू परत आलीस! म्हणजे आत सगळं शाबूत आहे. घराची पडझड झाली तरी देवळीतला दिवा तेवता असतो, तसं.

मुलाला फोन केला. तो धरणाच्या कामावर, महिन्यातून एकदा येतो. तो ‘खरंच?’ म्हणत राहिला. सून मात्र ओट्यापाशी उभी राहून एवढंच म्हणाली, “बाबा, सकाळी दात घासलेत की नाही ते तिला आठवत नव्हतं. तीनदा घासले.”

सगळ्या आनंदावर विरजण घालायची या घराला सवयच लागलीय.

८ ऑक्टोबर, मंगळवार

भिंगरीला घेऊन मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेलो. बाईंनी माझ्याच हाताखाली उमेदवारी केलेली. अजून मी दिसलो की उठून उभ्या राहतात. म्हटलं, बैठकीआधी एकदा ऐका.

भिंगरीनं म्हटली. हात मागे, सोळाच्या सोळा ओळी. मी आपला तिच्या ओठांकडे बघत, तालावर मान डोलावत. जुने दिवस आले! स्पर्धेत पोर पहिलं आलं की छाती फुगायची ना, तशी फुगली.

बाई चकित. “सर, ही तर खडाखडा म्हणते! आमच्या पाचवीतल्या दहा पोरांना चार ओळी येत नाहीत.”

“सुधारलीय खूप,” मी म्हणालो.

“मग मावशींना अडकवून कशाला ठेवायचं? पहिलीत एक मूल सारखं पळून जातं, तिथे हवंय कोणीतरी. कोपऱ्याचीही तशी गरज दिसत नाही. उद्यापासून बसू दे वर्गात. पंधराला कागदावर घेऊ.”

मी तोंड उघडलं होतं. पण बाई भिंगरीच्या पाठीवर थोपटत होत्या, शाबास शाबास म्हणत होत्या. मी हसलो.

हसलो मी!

१० ऑक्टोबर, गुरुवार

ताई फाटकाशीच भेटल्या. सायकल स्टँडला न लावता तशीच धरून उभ्या.

“सर, काय करून बसलात?”

कागद दाखवला. बैठकीसाठीचा मसुदा. ‘विद्यार्थिनीत लक्षणीय सुधारणा. आजोबांचे (निवृत्त शिक्षक) मतही तसेच.’ माझं मत! छापून!

“तुम्ही म्हणता, ही कविता अपघाताआधी येत होती. डोक्याला मार बसल्यावर जुनं पाठ केलेलं पुष्कळदा राहतं, सर. नवीन रुजत नाही, क्रम लागत नाही, दमणूक होते — मार तिथे बसलाय. माणूस गोड कविता म्हणून दाखवतो, आणि लोक म्हणतात, बघा, ठणठणीत! मग पुढे काही जमलं नाही की म्हणतात, आळशी आहे. सोंग करते.”

मी मान खाली घालून उभा. आयुष्यात इतक्या पोरांना उभं केलं, आज माझी पाळी.

कळशीत आधीच भरलेलं पाणी दाखवून मी सांगून आलो, की विहिरीला पाणी आहे.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

सबंध दिवस वर्गात बसण्याचा तिसरा दिवस. घरी आली आणि न्हाणीघरात जाऊन दिवा मालवून बसली. दोनदा ओकली. सून दाराबाहेर जमिनीवर, भिंतीला टेकून. मी पाणी घेऊन गेलो तर तिनं ग्लास घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “बाबा, तेव्हाही तुम्हाला वाटलं होतं, एका फेरीला काय होतंय.”

सहा महिन्यांनी बोलली.

१४ ऑक्टोबर, सोमवार

उद्या बोलायचं. सगळं. बाईंसमोर, सगळ्यांसमोर. भाषण पाठ करायला बसलो आणि आरशात स्वतःलाच म्हणालो, आठव बघू! लाज वाटली.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

बैठकीत मी उभा राहिलो. म्हटलं, “त्या कागदावरचं माझं मत खोडा. कविता मी शिकवलेली, तिच्या लहानपणची. तिचा आताच्या तिच्याशी काही संबंध नाही. मला ती बरी झालेली हवी होती, म्हणून मला ती बरी दिसली. हेल्मेट माझ्या मांडीवर होतं.” शेवटचं वाक्य ठरवलेलं नव्हतं. ते आपोआप आलं. सून शेजारी बसली होती. तिनं माझी बाही धरली आणि खाली बसवलं. हळूच. हात सोडला नाही.

वाटलं, सुटलो. कसचं काय! आगीतून फुफाट्यात!

बाईंनी चष्मा काढला. “म्हणजे, सर, अपघातानंतर ती नवीन काहीच शिकलेली नाही?”

बैठकीसाठी मुद्दाम आलेल्या ताई म्हणाल्या, “शिकलीय. बूट, दप्तर, वर्ग ते कोपरा ही वाट, वही उघडून बघायची सवय —”

“ताई, बूट घालणं म्हणजे पाचवी नव्हे. नवीन शिकणं जमतच नसेल तर इथे ठेवून तिचे हाल कशाला? शहराबाहेरची ती निवासी शाळा आहे ना, अशा मुलांची. तिथे जागा आहे म्हणतात.”

निवासी! सून ताडकन उठली. “ती रात्री उठून विचारते, आई, हे कोणाचं घर? तिला तुम्ही परक्या घरात ठेवणार?”

बाईंनी चष्मा पुन्हा घातला. शेवटी बाई म्हणाल्या, “मीही आई आहे. शुक्रवारी पुन्हा बसू. अपघातानंतर ती अभ्यासातलं एक काहीतरी नवीन शिकलीय, पूर्ण शिकलीय, एवढं दाखवा. कोपरा ठेवते, मावशी परत देते. नाहीतर माझे हात बांधलेले आहेत.”

काल बरी आहे म्हणून मदत जात होती. आज बरी नाही म्हणून पोर जातेय. दोन्ही वेळा जीभ माझीच!

१६ ऑक्टोबर, बुधवार

सून रजा काढून दिवसभर तिच्यासोबत पाढे घेऊन बसली. सतराचा. आधी दाखवायचं, मग झाकायचं, ताई सांगतात तसं. संध्याकाळपर्यंत तिसऱ्या ओळीपर्यंत पोचल्या. चहा पिऊन परत आल्या तर पहिलीपासून.

“दोन दिवसांत नाही होत हे, बाबा,” सून म्हणाली. “आठवडे लागतात. कोणीतरी रोज बसावं लागतं. न कंटाळता.”

भिंगरीनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग हात मागे बांधले आणि कविता म्हणायला लागली. मला ऐकवेना. म्हटलं, नको गं. ती नको.

तिचा चेहरा कसा पडला! काय बोललो मी?

१७ ऑक्टोबर, गुरुवार

पहिलीच्या वर्गाबाहेर मावशी दिसल्या, त्या पळणाऱ्या पोराचा हात धरून. काही सुचेना म्हणून त्यांनाच विचारलं, तुम्ही पाच आठवडे तिच्याजवळ होता, नवीन काही शिकली का हो? एक तरी?

“शिकली की!” म्हणाल्या. “तुम्हाला म्हणून नाही दाखवली?”

पिशवीतून माझेच चार कागद काढले. डिंकानं कडक झालेले. माझ्या अक्षरांवर कागदाच्या पट्ट्या — एका शब्दावर, मग दोन, मग अख्ख्या ओळीवर. शेजारी पेन्सिलीनं तारखा. १८ सप्टेंबर. १९. २०. पुढे थेट ४ ऑक्टोबरपर्यंत. सुट्ट्या सोडल्या तर फक्त २४ तारीख नाही.

“पहिल्या दिवशी तिनं मला विचारलं, ही कोणाची कविता? एक शब्द ओळखीचा नव्हता, सर. ताई झाकतात तसं झाकत गेले. तुम्हाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली होती तिनं. आणि बैठकीत मला कोणी बोलावलं कुठे?”

पहिला कागद उलटला. मागे भिंगरीचं वाकडंतिकडं अक्षर:

‘आबा उदास असतात. ही म्हटली की हसतात, मावशी म्हणाल्या. मला येत नाही. शिकायची.’